घरकामाचा पिकअप: अमेरिकेत पहिलं घर घेतलेल्यांसाठी

अपार्टमेंट सोडून स्वतःच्या घरात राहायला गेलं की पहिल्या उन्हाळ्यातच लक्षात येतं, घर म्हणजे सतत काहीतरी आणायचं आणि सतत काहीतरी नेऊन टाकायचं. कुंपणाच्या फळ्या सडलेल्या असतात, आधीचा मालक बेसमेंटमध्ये ओला झालेला गालिचा सोडून गेलेला असतो. मेथी-कोथिंबिरीचे वाफे करायचे तर माती हवी, चौकटीला लाकूड हवं. पुण्यात किंवा नाशकात असतो तर नाक्यावरून टेम्पो बोलावला असता आणि त्याच्याबरोबर दोन हमालही आले असते. इथे टेम्पोवाला आपण आणि हमालही आपणच.

मी ओहायोत, कोलंबसच्या उपनगरात राहतो. डेक, कुंपण, बेसमेंट, वाफे ही सगळी कामं पिकअपच्या जोरावर केली आहेत. माझं मत सरळ आहे. घर जुनं असेल आणि हाताने काम करायची आवड असेल, तर घरातली दुसरी गाडी पिकअप असावी. आवड नसेल तर घेऊ नये, लागेल तेव्हा भाड्याने आणावा. खाली दिलेले कायदे ओहायोचे आहेत. तुमचं राज्य वेगळं असेल तर तिथले नियम बघून घ्या.

१. गाडी बघण्याआधी कामांची यादी करा

पुढच्या दोन वर्षांत घरात काय काय करायचं आहे ते एका कागदावर लिहा. प्रत्येक कामासमोर तीन गोष्टी मांडा: सामानाची लांबी, त्याचं वजन आणि ते किती वेळा आणावं लागेल. हे केलं की निम्मा गोंधळ संपतो. प्लायवूड आणि ड्रायवॉल ४ बाय ८ फुटांच्या शीटमध्ये येतं. डेकच्या फळ्या ८, १०, १२, १६ फुटांच्या असतात. काँक्रीटचं मोठं पोतं ८० पौंडांचं. माती, खडी आणि मल्च (वाफ्यांवर पसरायचा लाकडाचा भुसा) सुटं घेतलं तर क्युबिक यार्डात मोजतात, म्हणजे २७ घनफूट. ३ इंच जाडीचा थर द्यायचा असेल तर एका यार्डात सुमारे १०८ चौरस फूट झाकलं जातं.

यादीत फक्त एक सोफा आणि वर्षाला दहा-बारा पोती मल्च असेल तर तुम्हाला पिकअपची गरज नाही. मिनीव्हॅनच्या मागच्या सीट काढल्या की त्यात पुष्कळ मावतं.

२. विकत, भाड्याने की ट्रेलर?

होम डेपो, लोज आणि यू-हॉल या तिन्हीकडे पिकअप भाड्याने मिळतो. होम डेपो-लोजकडे तो थोड्या वेळासाठी मिळतो आणि दुकानातून घरी एक खेप टाकायला पुरतो. यू-हॉलकडे दिवसाचं भाडं कमी दिसतं, पण मैलामागे पैसे वेगळे लागतात. डंप, म्हणजे कचरा टाकायची जागा, लांब असेल तर बिल फुगतं.

इथे एक मोठा सापळा आहे. क्रेडिट कार्डावर भाड्याच्या गाडीचा जो विमा फुकट मिळतो, त्यातून ट्रक बहुतेक वेळा वगळलेले असतात. तुमची स्वतःची ऑटो पॉलिसीही अशा ट्रकला लागू होईलच असं नाही. आधी एजंटला फोन करून विचारा. तो नाही म्हणाला तर काउंटरवरचं कव्हर घ्या. तिथे काटकसर करू नका.

दुसरा पर्याय आहे छोटा ट्रेलर. एसयूव्हीला हिच (ट्रेलर जोडायचा आकडा) बसवून ५ बाय ८ फुटांचा ट्रेलर जोडला की बरंच काम होतं. मात्र ट्रेलर ठेवायला जागा लागते, मागे घेताना सवय लागते, आणि अनेक एचओए (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटना) ड्रायव्हेवर ट्रेलर उभा करू देत नाहीत. काही एचओए पिकअपलाही हरकत घेतात. गाडी घेण्याआधी तुमच्या वसाहतीची नियमावली वाचा.

स्वतःचा पिकअप कधी परवडतो? कामं शनिवार-रविवारी तुकड्या-तुकड्यांनी होतात तेव्हा. अर्धं काम झाल्यावर चार फळ्या कमी पडतात, पावसाने खेप पुढे ढकलावी लागते, कचरा आठवडाभर गाडीतच ठेवावा लागतो. घड्याळ लावून भाड्याने घेतलेल्या ट्रकमध्ये हे जमत नाही.

३. दरवाज्याच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं टायरचं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये, असं एक वाक्य त्यावर छापलेलं असतं. तो आकडा त्याच गाडीचा असतो. जाहिरातीत दिसतो तो आकडा त्या मॉडेलच्या सर्वात हलक्या गाडीचा असतो. चार दरवाजे, सनरूफ, फोर-व्हील ड्राइव्ह अशी एकेक चीज वाढली की तुमच्या गाडीचा आकडा खाली येतो. नेहमीच्या मोठ्या पिकअपना 'हाफ-टन' म्हणतात, त्या नावावरही जाऊ नका. त्या वर्गातले आजचे ट्रक साधारण १,४०० ते २,००० पौंड नेतात, आणि एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत काहीशे पौंडांचा फरक पडू शकतो.

आता हिशेब मांडू. स्टिकरवर १,५०० आहे असं धरा. तुम्ही आणि मदतीला आलेला मित्र मिळून ३३० पौंड. उरले १,१७०. हौद्यावर फायबरचं झाकण बसवलेलं असेल तर त्याचंही वजन वजा करा. उरलेल्या वजनात काय बसतं?

सुटं मल्च कोरडं असेल तर यार्डाला ५०० ते ८०० पौंड भरतं, म्हणजे एक यार्ड आरामात. पावसात भिजलेलं असेल तर ते बरंच जड होतं. बागेची माती यार्डाला २,००० पौंड किंवा त्याहून जास्त, म्हणजे अर्धा यार्डच. खडी त्याहून जड, २,४०० च्या वर, तेव्हा अर्ध्या यार्डापेक्षाही थोडी कमीच. काँक्रीटची ८० पौंडांची पोती चौदा.

फसगत होते ती इथेच. जवळपास अर्धा यार्ड खडी हौद्यात पडली की जेमतेम तळ झाकल्यासारखा दिसतो. डोळ्यांना वाटतं, एवढी जागा आहे, अजून एक बकेट टाकूया. पण स्प्रिंग आधीच दबलेले असतात. ट्रकचं बूड खाली बसतं, नाक वर जातं, स्टीअरिंग हलकं लागतं आणि ब्रेक उशिरा लागतो. गाडी अशी दिसली की तिथेच थोडं सामान उतरवा. तीन यार्डांच्या वर माती किंवा खडी लागणार असेल तर सरळ डिलिव्हरी मागवा. डंप ट्रक येऊन ड्रायव्हेवर ढीग टाकून जातो. खाली ताडपत्री अंथरून ठेवली की नंतर झाडायला सोपं जातं.

४. हौदा किती लांब, किती रुंद

मोठ्या पिकअपना साधारण साडेपाच, साडेसहा आणि आठ फुटांचे हौदे येतात. घरकामाला माझी पसंती साडेसहा फुटाला. फाळका उघडा टाकला की आठ फुटी शीट त्यावर नीट टेकते, आणि गाडी गॅरेजसमोर मावतेही. पूर्ण चार दरवाज्यांच्या कॅबला बहुतेक साडेपाच फुटी हौदा येतो. मुलांच्या कार-सीट मागे लावायच्या असतील तर ती तडजोड करावीच लागते.

लांबीपेक्षा लोक रुंदी विसरतात. चाकांवरचे जे दोन उंचवटे हौद्यात आलेले असतात, त्यांच्यामधलं अंतर टेपने मोजा. प्लायवूडची शीट ४८ इंच रुंद असते. मोठ्या ट्रकमध्ये हे अंतर ५० इंचांच्या आसपास असल्याने शीट तळाशी सपाट झोपते. बऱ्याच मध्यम आकाराच्या ट्रकमध्ये ते ४८ पेक्षा कमी असतं, त्यामुळे शीट उंचवट्यांवर ठेवावी लागते. होंडा रिजलाइन याला अपवाद. फोर्ड मॅव्हरिक लहान आहे, हौदा साडेचार फुटी, पण त्याच्या बाजूंना खाचा आहेत. त्यात २ बाय ४ किंवा २ बाय ६ ची लाकडं आडवी बसवली की शीट वर सपाट राहते. नवशिक्यांना चालवायला तो सोपा आहे आणि हायब्रिडमध्येही मिळतो. ज्यांना रोज ऑफिसलाही तीच गाडी न्यायची आहे त्यांनी तो जरूर बघावा.

५. जुना ट्रक घेताना आधी खाली वाका

ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. त्यामुळे इथला जुना ट्रक वरून चकाचक आणि खालून पोखरलेला असू शकतो. टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन जा. मागच्या चाकाजवळची फ्रेम, स्प्रिंग जिथे फ्रेमला जोडलेले असतात ती जागा, आणि ब्रेकच्या नळ्या नीट बघा. वरवरचा तांबूस गंज चालतो. पापुद्रे सुटत असतील, हातोडीच्या हलक्या ठोक्याने टणत्कार न येता बद्द आवाज येत असेल, किंवा खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला, तर निघून या. फोर्ड एफ-१५० ची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे, पण फ्रेम स्टीलचीच आहे. तेव्हा तिथेही वाकून बघणं चुकत नाही.

हौद्यातले ओरखडे आणि पोचे यांना घाबरू नका. घासाघीस करायला ते कामालाच येतात.

व्यवहार ठरवण्याआधी ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्या. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) घालून एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर रिकॉल फुकट बघता येतात.

६. कागदपत्रं

खासगी माणसाकडून घेताना ओहायोत विक्रेत्याने टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या दाखल्यावर, नोटरीसमोर सही करावी लागते. सगळ्यात सोपं म्हणजे दोघांनी मिळून काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल ऑफिसात जावं. तिथेच नोटरी असतो, तिथेच टायटल तुमच्या नावावर होतं आणि विक्रीकर भरला जातो. हे काम ३० दिवसांत करायचं असतं. नंबर प्लेट मात्र वेगळ्या खिडकीवर, बीएमव्हीच्या (राज्याच्या वाहन खात्याच्या) डेप्युटी रजिस्ट्रारकडे मिळते. घरगुती वापराचा ट्रक असेल तर नॉन-कमर्शियल ट्रकची प्लेट मागा.

सोबत हे न्या:

- विक्रेत्याच्या नावाचं मूळ टायटल. त्यावर बँकेचा बोजा शिल्लक नसावा. 'सॅल्व्हेज' (मोडीत काढलेली) किंवा 'रिबिल्ट' (मोडीतून पुन्हा उभी केलेली) असा शिक्का आहे का तेही बघा.
- तुमचं ड्रायव्हिंग लायसन्स. एच-वनवर असाल तर लायसन्सची मुदत व्हिसाच्या कागदांशी बांधलेली असते. ती उलटून गेली नाही ना, हे आदल्या दिवशीच बघा.
- विम्याचा पुरावा. गाडी चालवत घरी आणण्याआधी पॉलिसी सुरू झालेली हवी.
- टायटलवर भरलेली ओडोमीटरची नोंद, आणि पैसे दिल्याची दोघांच्या सह्यांची पावती.

टायटल 'घरी सापडत नाही, नंतर पाठवतो' असं विक्रेता म्हणाला तर एक डॉलरही देऊ नका. कोऱ्या टायटलवर आधीच सही करून ठेवलेली असेल तरीही नको.

७. सामान बांधायचं सामान

गाडी घेतली त्याच आठवड्यात एक प्लास्टिकचा डबा भरून मागच्या सीटखाली ठेवा: चार रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे), जाड ताडपत्री, काही बंजी दोऱ्या, कामाचे हातमोजे, मोजमापाचा टेप, लाल कापड, जुनी गोधडी आणि रुंद झाडू. हौद्यात रबरी चटई अंथरा, सामान घसरत नाही.

पट्ट्यावर दोन आकडे असतात. मोठा आकडा पट्टा तुटण्याचा. वापरायचा तो लहान आकडा, कामाच्या भाराचा. तो साधारण मोठ्याच्या एक तृतीयांश असतो. बंजीने ताडपत्री धरायची, वजन नाही.

लांब फळ्या नेताना जड टोक कॅबकडे ठेवा. दोन पट्टे आडवे घालून सगळ्या फळ्यांची एक मोळी करा, मग ती मोळी हौद्याच्या कड्यांना बांधा. नुसता वरून पट्टा टाकला तर ब्रेक मारल्यावर मधली फळी सुळकन पुढे किंवा मागे सरकते. थोडं अंतर गेल्यावर सुरक्षित जागी थांबून पट्टे परत आवळा, कारण सामान हादऱ्याने बसतं आणि पट्टे सैल होतात. हौद्याच्या मागे चार फूट किंवा त्याहून जास्त सामान बाहेर येत असेल तर दिवसा टोकाला लाल कापड लावणं ओहायोत सक्तीचं आहे, आकार किमान १६ बाय १६ इंच. रात्री लाल दिवा लागतो. बहुतेक राज्यांत असाच काहीसा नियम आहे.

सर्वात बेभरवशाचं सामान हलकं असतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचं मखर करायला ४ बाय ८ च्या फोमच्या शीट आणतात, त्या एका हाताने उचलता येतात. म्हणून लोक त्या नुसत्याच हौद्यात ठेवून निघतात. हायवेला लागल्यावर वारा पुढून खाली शिरतो, शीट कमानीसारखी वाकते आणि मधोमध तुटून मागच्या गाडीच्या काचेवर जाते. त्यावर उपाय म्हणजे खाली एक प्लायवूड, त्यावर फोम, वरून दुसरं प्लायवूड. मग पुढे आणि मागे असे दोन्हीकडे आडवे पट्टे. कॅबच्या बाजूचा पट्टा जास्त महत्त्वाचा, वारा तिथूनच शिरतो. पट्टा जिथे फोमच्या कडेला लागतो तिथे गोधडीची घडी ठेवा. गादीलाही हाच नियम. कोणी हात बाहेर काढून धरलेली गादी ही बांधलेली गादी नव्हे.

आणि एक धोका बहुतेकांना ठाऊक नसतो. लॉनमोवरसाठी पेट्रोल भरताना डबा हौद्यात ठेवून कधीही भरू नका. प्लास्टिकच्या अस्तरामुळे डब्यातली स्थिर वीज जमिनीत उतरत नाही, ठिणगी पडून आग लागू शकते. डबा खाली जमिनीवर ठेवा, नळीचं टोक डब्याच्या तोंडाला टेकवून भरा.

८. माती-खडीच्या यार्डात आणि डंपवर

लँडस्केपच्या यार्डात आधी ऑफिसात पैसे भरून चिठ्ठी घ्यायची, मग ढिगाजवळ गाडी लावायची. लोडरवाला बकेटने वरून टाकतो. तो झपाट्याने काम करतो, म्हणून आधीच ठामपणे सांगा: 'हाफ यार्ड'. मागची काच बंद ठेवा. गाडीत बसून राहू नका, तो सांगेल तिथे उभे राहा. निघताना ताडपत्री टाका.

कचऱ्यासाठी आमच्याकडे ग्रोव्ह सिटीला काउंटीचं लँडफिल आहे. निघण्याआधी वेळ आणि दर साइटवर बघा. रंग, बॅटऱ्या, रसायनं तिथे चालत नाहीत, त्यांची वेगळी केंद्रं असतात. जुन्या फ्रिजमधला गॅस रीतसर काढून घ्यावा लागतो, तेव्हा आधी फोन करा. हौदा भरताना जे शेवटी उतरवायचं ते आत ठेवा. आणि जुना गालिचा घरीच कापून गुंडाळ्या करा. सलग भिजलेला गालिचा एकट्याने ओढून काढणं म्हणजे कंबरेला निमंत्रण.

कुंपणाचे किंवा डेकचे खांब रोवायला खड्डे खणणार असाल तर काँक्रीटची पोती आणण्याआधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या तारा-नळ्या दाखवून देणाऱ्या सेवेला, फोन करा. हे फुकट आहे. ओहायोत खणण्याच्या किमान ४८ तास आधी, सुट्टीचे दिवस वगळून, कळवायचं असतं. गॅस, वीज, केबलवाले येऊन जमिनीवर रंगाने खुणा करून जातात. खुणा व्हायच्या आत पोती आणून ठेवली आणि मध्ये पाऊस झाला तर ती दगड होऊन बसतात.

९. हिवाळा

रिकाम्या पिकअपचं मागचं टोक हलकं असतं, बर्फात वळणावर ते बाजूला सरकतं. वाळूच्या ६० पौंडी पिशव्या मागच्या आसाच्या बरोबर वर ठेवतात. त्या फाळक्याला टेकवून ठेवू नका, आणि पुढे-मागे आडवं लाकूड लावून अडकवा, नाहीतर अपघातात त्याच पुढे येतात. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी निघायला मदत करतो, थांबायला नाही. महिन्यातून एकदा खालून मीठ धुऊन काढणारी कारवॉश घ्या. वरची चकाकी नसली तरी चालेल, फ्रेम टिकली पाहिजे.

१०. मित्र ट्रक मागायला येतील

आपल्या लोकांत बातमी पसरायला वेळ लागत नाही. कुणाचं तरी आयकियाचं कपाट असतं, कुणाचा झोपाळा. द्या, जरूर द्या. नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिल्या महिन्यात यापेक्षा मोठी मदत कुठली? पण गाडी दुसऱ्याने चालवली आणि अपघात झाला तर सहसा तुमचाच विमा आधी लागतो. म्हणून ज्याला मोठी गाडी चालवायची सवय नाही त्याला किल्ली देण्याऐवजी आपणच खेप मारून द्यावी. पेट्रोल भरून दिलं तर हरकत नाही. भाडं म्हणून पैसे मात्र घेऊ नका. पैसे घेऊन माल वाहिला तर घरगुती पॉलिसी हात वर करू शकते. शिवाय हौद्यातलं सामान ऑटो पॉलिसीत धरलं जात नाही, हे मित्राला निघण्याआधीच सांगून ठेवा.